माणशी अर्धा लिटर

एका हृदयरोग्याला मी त्याच्या गोळ्या बंद करायला लावल्या. मी डॉक्टर नाही. कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं लाकडी घाण्याच्या तेलाचं दुकान आहे. गल्ल्यामागे उभं राहून, हातातलं नरसाळं पुसत पुसत मी तो सल्ला दिला, आणि तो मानला गेला. पुढे त्या माणसाच्या बायकोने सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला, तेव्हाही मी बरेच दिवस गप्प राहिलो. त्या माणसाला सगळे जगताप नाना म्हणत आणि त्यांच्या बायकोला जगताप बाई. मला लिहायचंय ते बाईंबद्दल. पण बाई मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या माझ्या चुकीमुळे, म्हणून चूक आधी सांगून टाकली.

बाई आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर राहत. मुलींच्या शाळेत त्यांनी गृहविज्ञान शिकवलं होतं. माझी बायको मनीषा त्यांची विद्यार्थिनी, त्यामुळे बाई मला 'जावईबुवा' म्हणत. या शब्दात आदर असतो असा माझा समज होता. बाईंच्या तोंडून तो ऐकल्यावर गेला.

चाकणच्या कंपनीतली माझी नोकरी सुटल्यावर मी हे दुकान टाकलं. पहिल्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले, आणि बाई आल्या. उंच, सडपातळ, चष्मा साखळीला लावून गळ्यात. पेढा हातात तसाच धरून त्या दारावरची पाटी वाचत उभ्या राहिल्या. पाटीवर मी मोठ्या हौसेने लिहून घेतलं होतं : शुद्ध, कोलेस्टेरॉलमुक्त शेंगदाणा तेल.

"जावईबुवा, शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल कधी असतं?"

"नसतं ना बाई. म्हणून तर मुक्त."

"कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या पदार्थांत असतं. कुठल्याच वनस्पतीच्या तेलात ते नसतं. तुमच्या नाही आणि समोरच्या वाण्याच्याही नाही. उद्या शेजारी भाजीचं दुकान टाका आणि लिहा, आमच्याकडे बिनहाडाची वांगी मिळतील."

रांगेतले लोक हसले. मी ओशाळलो, पण पाटी उतरवली नाही. बाईंनी पेढा खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि स्टीलचा कॅन पुढे केला. "एक लिटर. नीट निवळलेलं द्या. पेंडीचा गाळ मला नको."

त्या दिवसापासून दर महिन्याच्या सुरुवातीला तो कॅन यायचा. घरात माणसं दोन, म्हणून तेल एक लिटर. माणशी अर्धा लिटर हा बाईंचा कायदा. पाहुणे येणार असले की तेवढं जास्त न्यायच्या आणि कोण येणार तेही सांगायच्या. मी भरताना कॅन टेकवला की म्हणायच्या, "घाई काय आहे? शेवटचा थेंब पडू द्या. विकत घेतलाय तो." त्यांच्या ओट्यावर तेलाची बुधली नव्हती. महिन्याचं तेल त्या आठवड्याच्या चार बाटल्यांत वाटून ठेवत आणि पुढची बाटली पुढच्या आठवड्याशिवाय उघडत नसत. मनीषाने एकदा विचारलं, "बाई, मधेच संपलं तर?" बाई म्हणाल्या, "तर वाफवायचं, भाजायचं. स्वयंपाकाला आणखीही क्रियापदं आहेत."

यावरून बाई उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढणाऱ्या असतील असं कोणाला वाटेल. तसं मुळीच नव्हतं. तळणावर त्यांचं प्रेम होतं. दर गुरुवारी त्यांच्या घरी काहीतरी तळलं जायचं आणि जिन्यापर्यंत वास यायचा. कढई इवलीशी, तेल बेताचं, एका वेळी चारच वडे. "मोठी कढई माणसाला मोह घालते," असं त्या म्हणत. उरलेलं तेल गाळून दुसऱ्या दिवशी उसळीच्या फोडणीला. त्याच तेलात पुन्हा तळण कधीच नाही. त्यांच्या हातचा कोथिंबिरीचा वडा मी खाल्लाय. तसा पुन्हा मिळणार नाही, आणि मिळाला तरी दोनच मिळतील. "तिसरा वडा जिभेसाठी नसतो, हातासाठी असतो," हेही त्यांचंच.

नाना अगदी उलटे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, गोल, हसरे, बोलघेवडे. आधीच एकदा छातीत दुखून झालेलं, कोलेस्टेरॉलची गोळी चालू. रोज संध्याकाळी ते माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसत. "अरे संजय, आयुष्यभर दारूगोळ्याशेजारी डबा खाल्ला. आता भज्याला घाबरू?"

भजी माझीच असायची. गिऱ्हाइकाला तेलाची चव कळावी म्हणून दर रविवारी सकाळी मी दुकानाबाहेर शेगडी मांडून कांदाभजी तळायचो आणि फुकट वाटायचो. टेकडीवरून फिरून येणारे, दूध न्यायला आलेले, सगळे थांबायचे. कढईमागे उभा राहून मी बोलायचो आणि तेव्हा मी चांगलं बोलायचो. मोबाईलवर वाचलेलं, ऐकलेलं सगळं तिथे उपयोगी पडायचं. माझं आवडतं वाक्य होतं : "घाण्याचं तेल आहे, कितीही खा."

एका रविवारी बाईंनी कढईत डोकावून पाहिलं. "हे गेल्या रविवारचंच तेल ना?"

"त्यात नवं घातलंय बाई."

"रंग बघा, फेस बघा. किती वेळा तापवाल? तापवून तापवून चांगल्या तेलाचंही वाटोळं होतं. याची नोकरी झाली आता, निवृत्त करा. आणि ते 'कितीही' तेवढं बंद करा. तेल तुमचं चांगलं आहे, मी स्वतः नेते. पण चांगलं असलं तरी तेलच ना ते? तुपाच्या जागी हे वापरलं तर फायदा आहे. तुपावर हे ओतलं तर कसला फायदा?"

"बाई, आपले आजी-आजोबा हेच खात होते."

"विहिरीचं पाणीही ओढत होते. ते कधी सुरू करताय?"

पुन्हा हशा. मला राग आला. मी लोकांकडे वळून म्हणालो, "बाईंच्या वेळचं पुस्तक आता जुनं झालं." बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या जिना चढून गेल्या.

त्यांच्या त्या पाहण्याचा अर्थ घरी मनीषाने सांगितला. "अहो, तुम्हाला नेमकं हेच वाक्य सापडलं? पुस्तक जुनं झालं की काय करायचं असतं हे बाईंइतकं कोणाला माहीत आहे?"

मग तिने सगळं सांगितलं. मनीषा शाळेत असताना बाईंनी मुलींना वनस्पती तुपात करंज्या-शंकरपाळे करायला शिकवलं होतं. हे आधुनिक आहे, स्वस्त आहे, साजूक तुपापेक्षा हलकं आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत आणि बाईही तेच शिकवत. पुढे त्या घट्ट केलेल्या तुपातली चरबी हृदयाला फार वाईट असं कळलं. मग विद्यार्थिनींनी बाईंचा सत्कार ठेवला. शाल झाली, श्रीफळ झालं, चार जणी रडल्या. बाई उत्तराला उठल्या आणि म्हणाल्या, "मुलींनो, आभार नंतर. मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची शिकवली. ज्यांच्या घरी अजून वनस्पती तूप येतं त्यांनी ते बंद करा. तुमच्या मुलींनाही सांगा, बाई चुकल्या होत्या." सभागृहात कोणाला काय करावं कळेना. एकीने टाळ्या वाजवल्या, बाईंनी तिला बसवलं. त्या दिवशी न आलेल्या मुलींना त्यांनी पुढचे कित्येक दिवस फोन केले. मनीषा गरोदर असल्यामुळे गेली नव्हती, म्हणून तिच्या माहेरी बाई स्वतः गेल्या होत्या. चहा घ्यायच्या आधी बोलल्या. "चुकीचं सांगितलेलं परत घ्यायचं असेल तर जिथे सांगितलं तिथे जावं लागतं," असं म्हणाल्या होत्या.

मी ऐकून घेतलं. माझ्यात फरक काही पडला नाही. दुकान चालत होतं, लोक ऐकत होते, आणि ऐकणारे लोक मिळाले की माणसाला आपण जाणकार आहोत असं वाटू लागतं.

तशाच एका संध्याकाळी नाना स्टुलावर बसून पोटऱ्या चोळत होते. "ही गोळी आयुष्यभर घ्या म्हणतो डॉक्टर. पाय दुखतात रे, कंटाळा आला."

खरं तर यावर एकच उत्तर होतं : नाना, हे डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतील. मी म्हणालो, "कशाला खाता मग? लोखंडाने लोखंड कापतात ना? तसं चांगल्या तेलाने वाईट चरबी कापली जाते. रोज आपलं कच्चं तेल चमचाभर घ्या, जेवणातही हात आखडू नका. गोळीची गरजच नाही. मी आणखी दोघा-तिघांना सांगितलंय."

"हिला कळलं तर?"

"बाईंना कशाला सांगायचं?"

नाना शाळकरी मुलासारखे हसले. मग रोज संध्याकाळी मी त्यांना चमचाभर तेल द्यायचो आणि रविवारी भज्यांची प्लेट भरून.

काही महिन्यांनी एका सकाळी नाना मंडईची पिशवी घेऊन निघाले आणि सोसायटीच्या फाटकाशीच खाली बसले. घामाने सदरा ओला झाला होता. वॉचमनने आणि मी त्यांना रिक्षात घातलं. हृदयविकाराचा मोठा झटका होता. हृदयाची तुंबलेली नळी उघडली, जीव वाचला, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल विचारलं, तेव्हा बाई ठामपणे म्हणाल्या, "रोज घेतात." घरी आल्यावर नानांच्या दाढीच्या डब्यात न फोडलेल्या पाकिटांची चळत सापडली. डॉक्टर सरळ माणूस होते. गोळी चालू असती तर झटका आलाच नसता असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, म्हणाले. पण ज्याला एकदा त्रास होऊन गेलाय त्याने ती सोडणं म्हणजे धोका ओढवून घेणंच.

मी दवाखान्यात भेटायला गेलो. बाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. नानांनी माझा हात धरला. "तू काही बोलायचं नाहीस. मी लहान होतो का? उगाच दुकान बसेल तुझं." मी मान हलवली. खरं सांगतो, मला तेव्हा हलकं वाटलं होतं. आजही त्या हलकेपणाचीच मला जास्त लाज वाटते.

नाना घरी आले आणि सोसायटीत कुजबुज सुरू झाली. बाईंची शिस्तच कडक, नवरा शेवटी वैतागणार नाही तर काय! चमच्याने तेल मोजणाऱ्या बाईला नवऱ्याची गोळी मोजता आली नाही, असंही कोणीतरी माझ्याच दुकानात, माझ्यासमोर बोललं. मी सुट्टे पैसे परत दिले.

बाईंच्याही मनाने तेच घेतलं होतं. मनीषाला त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडामुळे झालं हे. जन्मभर ताटावर पहारा ठेवला मी. राग माझ्यावर होता, काढला गोळीवर." ज्या बाईंना आम्ही कधी चाचरताना पाहिलं नव्हतं, त्या बोलताना मध्येच थांबू लागल्या. गुरुवारचा वास बंद झाला. माझी पाटी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असायची, त्या वाचायच्या नाहीत.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला बाई कॅन घेऊन आल्या. मी सवयीने लिटरचं माप उचललं.

"भरा," बाई म्हणाल्या.

"एक लिटर ना?"

"भरा हो. कितीही."

माझा हात नळावर तसाच राहिला. तो शब्द माझा होता. मी तो शेकडो लोकांना वाटला होता आणि सगळ्या कोथरूडमध्ये एकट्या या बाईने तो घेतला नव्हता. मी एक लिटर भरलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो आणि कॅन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आत पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी मी शटर ओढलं आणि दुसऱ्या मजल्यावर गेलो. नाना खिडकीशी आरामखुर्चीत होते. मला पाहताच त्यांनी मान हलवून 'नको' अशी खूण केली. मी बाईंसमोर उभ्यानेच बोललो. गोळी मी बंद करायला लावली. रोजचा चमचा मी दिला. तुम्हाला सांगू नका असंही मीच म्हणालो. एवढं झाल्यावर मी म्हणालो, "बाई, मला माफ..."

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज शाळेतला होता. "आणखी कोणाला सांगितलंत गोळी सोडायला?"

"दोघा-तिघांना."

"दोघांना की तिघांना?"

"तिघांना."

"जिवंत आहेत?"

"हो बाई."

"मग इथे काय करताय? आधी त्यांच्याकडे जा. आज, आत्ता. डॉक्टरांना भेटायला सांगा. माफी माझ्याकडे मागून त्यांच्या नळ्या मोकळ्या होणार आहेत का?" मग त्या नानांकडे वळल्या. "आणि तुम्ही! एवढी वर्षं संसार केलात, आणि तेल प्यायला दुकानात जाता? बाहेर चोरून दारू पिणारे नवरे ऐकलेत मी. तेल पिणारा माझ्याच नशिबी यायचा होता?"

नाना इतके हसले की बाईंना त्यांची पाठ चोळावी लागली. दार ओढून घेताना मी पाहिलं, पाठ चोळताना बाईंनी डोळ्यांना पदर लावला होता.

मी त्या तिघांकडे गेलो. एकाने मला चहा दिला, एकाने दारातूनच बोळवण केली. तिसऱ्याची बायको जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण तिचं चुकलं नव्हतं. तिघेही त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आले. मी बाईंना सांगायला गेलो, तर त्या दारातच म्हणाल्या, "मला काय सांगता? मनीषाने तुम्हाला माझी एक गोष्ट सांगितलीय ना? जिथे बोललात ती जागा राहिली."

बाई आता नाहीत. त्यानंतर काही वर्षांनी न्यूमोनियाने गेल्या. स्मशानातून परतताना एकजण म्हणालाच, "एवढं मोजून खाल्लं, काय मिळालं?" याचं उत्तर बाईंनी जिवंतपणीच देऊन ठेवलं होतं. असं कोणी विचारलं की त्या म्हणत, "हेल्मेट घातलं म्हणून माणूस अमर होत नाही. डोकं फुटायची शक्यता कमी होते. पण पुणेकरांना हेल्मेट नको, तसाच चमचाही नको." नाना अजून आहेत. रोज संध्याकाळी स्टुलावर येतात, जिभेवर गोळी ठेवून मला दाखवतात आणि मग पाणी पितात. त्यांची गोळी डॉक्टरांनी तेव्हाच बदलून दिली. पाय दुखत नाहीत. गुरुवारी मनीषा त्यांना दोन वडे पाठवते.

पण सांगायचंय ते बाईंनी मला दारातून परत पाठवलं त्यानंतरच्या रविवारबद्दल. सकाळी मी शेगडी बाहेर मांडली, कढई ठेवली, पण तेल ओतलं नाही आणि गॅसही पेटवला नाही. नेहमीची मंडळी जमली. "काय संजयराव, आज उपास?" कोणीतरी म्हणालं. मी स्टुलावर चढून पाटी उतरवली आणि भिंतीला उलटी टेकवून ठेवली. वर पाहिलं तर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत नाना बसले होते. बाई खाली आल्या होत्या. हातात रिकामा कॅन धरून, रांगेच्या अगदी शेवटी, चष्मा डोळ्यांवर लावून त्या उभ्या होत्या.

मी स्टुलावरून उतरलो. इतकी वर्षं जिथून बोललो त्याच जागी, कढईमागे जाऊन उभा राहिलो.

मी म्हणालो, "मी तुम्हाला सांगत आलो की हे तेल कितीही खा. ते चूक होतं. तेल चांगलं आहे, पण मोजूनच खायचं आहे. या तेलाने कोणाच्या नळ्या साफ होत नाहीत आणि हे कोणत्याही गोळीची जागा घेत नाही. नानांची गोळी मी सोडवली. बाईंच्या बोलण्याला कंटाळून त्यांनी ती सोडली नव्हती, आणि ज्यांनी ज्यांनी बाईंना बोल लावला, त्यांनी तो आजपासून मला लावावा. बाई, तुम्ही हे सगळं मला इथेच, याच कढईसमोर सांगितलं होतं आणि मी तुम्हाला जुनं पुस्तक म्हणालो होतो. ते मी परत घेतो. तुम्ही स्वतःला दोष देत होता आणि मी खाली दुकानात सुट्टे पैसे मोजत होतो. माझं चुकलं. मला माफ करा."